शेळी पोचली, आणि वजनाबद्दल थोडं

संग्रामपूर,
शुक्रवार, दुपारी

तीर्थरूप मनकर्णाआत्या यांना पुष्पांजलीचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. सध्या माझ्या डाव्या खांद्यावर तुमची नात आहे आणि मी वाकले की तिच्या पोटातलं दूध माझ्या पाठीवर येतं, म्हणून प्रत्यक्षात ताठ बसून लिहिते आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतरचे व्यायाम तुम्ही करता, की करते असं सांगता, हे खरं कळवावं. (मागच्या वेळी तुम्ही ‘करते’ म्हणालात तेव्हा मागून वहिनी हसल्याचं मला ऐकू आलं.) तो गुडघा मध्ये आला नसता तर माझं बाळंतपण तुमच्याकडे सुलतानपूरलाच झालं असतं आणि पुढे लिहिलंय त्यातलं काहीच घडलं नसतं. हा दोष मी गुडघ्याला देते, तुम्हाला नाही.

हाताशी फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. एक तर सासूबाईंचा हुकूम आहे. एवढी शेळी पाठवली तर आभार कागदावर गेले पाहिजेत, फोनवर मानलेले आभार टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तुम्ही फोन स्पीकरवर लावून ओसरीच्या कठड्यावर ठेवता, आणि मला जे सांगायचं आहे ते तुमच्या अर्ध्या गल्लीने ऐकावं असं नाही. म्हणून हे पत्र गफ्फारभाईंच्या हाती देते आहे. ते दर शुक्रवारी इकडे माल घेऊन येतात. ज्या गाडीतून शेळी आली त्याच गाडीतून पत्र परत जाईल. कृपया एकटीने वाचावं.

तर आधी शेळी. ती मागच्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला सुखरूप पोचली. काळी, डावा कान पांढरा, गळ्यात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी (‘गरीब आहे, हिरवा पाला बेताने द्यावा’). वाटेत तिने गफ्फारभाईंच्या गाडीतलं सरकीच्या ढेपेचं एक पोतं उघडून त्यातली ढेप आपल्या मनाने खाल्ली, तेव्हा ‘गरीब’ हा शब्द तुम्ही स्वभावाबद्दल वापरला असावा असं मी धरते. सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा लिटर दूध देते. सासूबाईंनी उंबऱ्यावर तिच्या पायावर पाणी घातलं आणि कपाळाला कुंकू लावलं. मी दवाखान्यातून आले तेव्हा माझंही असंच झालं होतं, पण मला वाटतं शेळीच्या वेळी पाणी जरा कोमट होतं.

आता मुक्ता. ती दूध पिते आणि टाकते, एवढं तुम्हाला सासूबाईंनी फोनवर सांगितलंच आहे. त्यांनी सांगितलं नाही ते असं की यात एक पद्धत आहे. पिऊन झाल्यावर ती दहा मिनिटं अतिशय समाधानी दिसते. त्यानंतर ती कोणाकडे तरी एकटक बघते, आणि ज्याच्याकडे बघते त्याच्यावर टाकते. बारशाला माझी नणंद सारिका नाव सांगायला तिच्या कानाशी वाकली. नाव कानात जायच्या आत दूध सारिकाच्या नव्या साडीच्या पदरात गेलं, मग पदर धुवायला सगळ्या बाया नळावर गेल्या, आणि पाळण्याजवळ उरलेल्या मामाजींनी (माझे सासरे, भगवानराव, ज्यांचा या विधीशी काही संबंध नसतो) घाईघाईने ‘मुक्ता, मुक्ता’ असं दोनदा सांगून टाकलं. त्यामुळे आमच्या घरात मुलीचं नाव आजोबांनी ठेवलं असं झालं आणि सारिका अजून थोडी नाराज आहे.

चौदाव्या दिवशी शेगावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीला तपासलं, वजन केलं (दोन किलो नऊशे साठ), आणि सांगितलं की अन्ननळी आणि पोट यांच्यामधली झडप लहान बाळात अजून कच्ची असते, पोट भरलं की ती पुरती मिटत नाही आणि दूध उलट्या वाटेने वर येतं. मला हे लगेच समजलं, कारण झडप पूर्ण न बसणं हा प्रकार आमच्याकडे पंपातही होतो. फरक इतकाच की पंपाची झडप बदलता येते आणि हिची पिकेपर्यंत वाट बघायची. थोडं थोडं पाजा, प्रत्येक वेळी ढेकर काढा, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, झोपवताना मात्र सपाट, पाठीवर, उशीबिशी नाही. अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही देऊ नका, आणि दर आठवड्याला वजन मला कळवा. वजन वाढत असेल तर किती टाकते ते मोजत बसू नका, असंही ते म्हणाले. (हे एकच मी पाळलं नाही.)

घरी आल्यावर मी आणि सासूबाईंनी एक तह केला. त्यांच्याकडे ओवा, शेपा, हिंगाचं पाणी, घुटी आणि शेजारच्या तीन बायांचे सल्ले तयार होते, त्यातला एक पाळण्याच्या पायाखाली विटा लावण्याचा होता. तह असा की जे काही द्यायचं ते मला द्यावं, मुलीला काही देऊ नये. त्यांनी तो प्रामाणिकपणे पाळला. गेले साडेचार आठवडे मी डिंक, अळीव, मेथी, बाळंतशेपा, लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी या क्रमाने खाते आहे आणि माझ्या अंगाला कायम एखाद्या मसाल्याच्या डब्याचा वास असतो. मुलीला उभं धरण्याच्या आम्ही पाळ्या लावल्या. गोपाल, तुमचा जावई, शाळेत शिकवून आल्यावर धरतो, पण त्याला पाठीवर थोपटण्याची भीती वाटते. तो फक्त हात ठेवतो आणि वाट बघतो. सर्वांत चांगला खांदा मामाजींचा निघाला. ते तिला घेऊन ओसरीवर फेऱ्या मारतात आणि दुकानावर माल येतो त्या गावांची नावं एका सुरात म्हणतात, सोनाळा, टुनकी, बावनबीर, वरवट. ढेकर बहुतेक वेळा बावनबीरला येते. मी हे एकवीस वेळा नोंदवलं आहे.

आणि मी टाकलेलं दूध मोजलं. मांजरपाटाच्या एकसारख्या तुकड्यांवर पाच, दहा, वीस मिलिलिटर पाणी ओतलं, डागांचा व्यास पट्टीने मोजला आणि तक्ता भिंतीला लावला. मग तिने दुपट्यावर टाकलं की डाग मोजायचा आणि तक्त्यात बघायचं. (खरं तर पाण्याऐवजी दूधच घ्यायला हवं होतं, पण तेव्हा दुधाचा एक थेंब वाया घालवायची माझी तयारी नव्हती.) दिसायला ते वाटीभर दिसतं. मोजलं तर एका वेळी बारा-तेरा मिलिलिटर. दिवसाचे साधारण नव्वद. ती दिवसाकाठी पिते त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी. म्हणजे चार भाग पोटात राहतात, म्हणजे वजन वाढायलाच पाहिजे. हा माझा हिशेब होता आणि तो बरोबर होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचे चार आठवडे ते मी स्वतःच खरं मानलं नाही.

याचं कारण वजन. तुम्हाला माहीत आहे, मी काटे तपासण्याचं काम करते. (तुम्ही गावात ‘आमची पुष्पा काट्यांची डॉक्टर आहे’ असं सांगता. डिप्लोमा आहे, पण असू द्या.) आशाताईंचा झोळीचा काटा शंभर-शंभर ग्रॅमने उड्या मारतो, तो मला चालणार नव्हता. घराच्या पुढच्या बाजूला मामाजींचं अडतीचं दुकान, तिथे बियाणं मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो मी बाळंतपणाच्या आधीच, आठव्या महिन्यात, शिक्क्याची वजनं ठेवून तपासला होता. दोन किलोवर बरोबर, पाच किलोवर बरोबर, चारी कोपऱ्यांवर बरोबर. मी स्वतःच त्याला पास केलं होतं. पण सव्वा महिना होईपर्यंत मला दुकानात जायचं नव्हतं. सासूबाईंनी वजनाला परवानगी दिली तीही एका अटीवर. मूल काट्यावर असताना घरच्या कोणी आकडा बघायचा नाही, नजर लागते. म्हणून ठरलं असं की दर गुरुवारी सकाळी, बाजार भरायच्या आधी, मामाजींनी मुलीला दुकानात न्यायचं, काट्यावर ठेवून पाठ फिरवायची, सासूबाईंनी दारात पाठ करून उभं राहायचं, आणि आकडा जानरावांनी बघून चिठ्ठीवर लिहायचा. जानराव म्हणजे दुकानाचे मापारी. चाळीस वर्षं ते या बाजारात माप करताहेत. त्यांच्या मापाला आजवर शेतकऱ्याने हरकत घेतलेली नाही आणि व्यापाऱ्यानेही घेतलेली नाही, आणि या दोघांचं एकमत झालेलं मला दुसरं काहीही माहीत नाही.

पहिली चिठ्ठी आली, दोन किलो आठशे पन्नास. डॉक्टरांच्या काट्यापेक्षा एकशे दहा ग्रॅम कमी. दोन काट्यांत फरक असतो, म्हणून मी तसं नोंदवलं. दुसरी, दोन नऊशे. तिसरी, दोन नऊशे पन्नास. चौथी, बरोबर तीन किलो. आठवड्याला पन्नास ग्रॅम, जिथे दीडशे तरी हवेत. आत्या, कोणतंही खरं मोजमाप इतक्या सरळ रेषेत जात नाही. दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर मी असे चार आकडे पाहिले असते तर पहिल्या मिनिटाला म्हटलं असतं की इथे कोणीतरी हात लावतंय. पण हा काटा मी पास केलेला होता. त्यामुळे मी भिंतीवरच्या तक्त्यावर संशय घेतला, डागांवर घेतला, पट्टीवर घेतला, आणि शेवटी स्वतःवर.

घरच्यांनीही माझ्यावरच घेतला, पण फार सभ्यपणे. सासूबाई एकदाच म्हणाल्या की दूध पातळ असेल. सारिकाने फोनवर सांगितलं की शिकलेल्या बायांना तसंही कमीच येतं. (हे कुठे छापून आलंय ते मी विचारलं.) मामाजी मुलीला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास उभं धरू लागले. गोपालने चौथी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि टेबलावर माझ्या चष्म्याखाली ठेवली. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. (हे वाक्य मी खोडणार होते.) डॉक्टरांना आकडा कळवला. त्यांनी सोमवारी घेऊन या म्हटलं, वजन खरंच एवढंच असेल तर दाखल करून तपासण्या कराव्या लागतील, पण तोवर दुसरं दूध सुरू करू नका. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तुम्हाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी शेळी निघाली. म्हणजे तुम्हालाही पटलं की माझं दूध पुरत नाही. यात तुमची चूक नाही. तुम्ही आकड्यावर विश्वास ठेवलात. मीही ठेवला होता.

रविवारी सव्वा महिना पूर्ण झाला. दुपारी सासूबाई झोपल्या होत्या, बाजार नव्हता, दुकानात एकटे जानरावकाका रिकामी पोती झटकत होते. डॉक्टरांकडे जायच्या आधी मला काटा पुन्हा एकदा तपासायचा होता. मी वजनं ठेवून बघितलं, काटा बरोबर होता. मग म्हटलं, काका, तुम्ही गुरुवारी करता तसं माप करा, मी फक्त बघते. त्यांनी मुलीला दुपट्या-कुंचीसकट काट्यावर ठेवलं. काट्यावर आकडा आला तीन किलो नऊशे वीस. मी श्वास घ्यायच्या आत जानरावांनी कानावरची पेन्सिल काढली, क्षणभर वर बघितलं, आणि शांतपणे चिठ्ठीवर लिहिलं, तीन किलो पन्नास.

मी विचारलं, काका, काटा वेगळं दाखवतोय. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू ही एवढी शिकलेली पोरगी आणि हिला एवढंही ठाऊक नाही.

"सूनबाई, काटा दाखवते तेवढं सारं आपलं नसते. बारदाना गेला, ओल गेली."

बारदाना म्हणजे पोत्याचं वजन, इथे दुपटं आणि कुंची. तो त्यांनी नजरेने तीनशे ग्रॅम धरला होता. मी नंतर मोजला, दोनशे ऐंशी भरला. चाळीस वर्षांचा हात आहे, वीस ग्रॅमची चूक मी माफ करते. पण ओल कसली? ओल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, बाजारात माल ओला असला की त्यातलं पाणी पुढे उडून जाणार म्हणून वजनातून काही कापतात, त्याला कडता म्हणतात. मी विचारलं, या मुलीत ओल कुठून आली.

"पेलेली हाय ना ते. मालकीनबाई दर गुरुवारी सांगतेत, सारं टाकून देते म्हनून. जे पोटात राहनारच नाई ते मी लिहू कसं? वल्ल्या मालाचं माप म्या कोरडं म्हनून कधी लिहिलं नाई, सूनबाई. तुमच्या पोरीचं तं बिलकूलच नाई लिहिनार."

आत्या, मी पोत्यांवर बसले. मग त्यांच्याकडून एकेक गुरुवार वदवून घेतला. त्यांना सगळे आकडे तोंडपाठ होते. पहिल्या गुरुवारी ओलीपायी एकशे तीस कापले. दुसऱ्याला सासूबाई म्हणाल्या जास्त टाकते, म्हणून दोनशे ऐंशी. मग चारशे वीस. मग पाचशे साठ, म्हणजे मुलगी दिवसभरात पिते ते सगळंच्या सगळं. मुलगी जितकी वाढत होती जवळजवळ तितकीच जानरावांची ओल वाढत होती, आणि राहिलेले पन्नास ग्रॅम दर आठवड्याला माझ्या पदरात पडत होते. काटा मी चारी कोपऱ्यांवर तपासला होता. काट्यामागचा माणूस तपासायचा असतो हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. तो तास मी पहिल्या बाकावर बसून लिहून घेतला आहे.

मी त्यांना समजावलं की टाकलेलं आधीच बाहेर आलेलं असतं, काट्यावर असते ती उरलेली मुलगी. त्यांना समजायला वेळ लागला नाही, तो माणूस हुशार आहे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग माह्यापायी तुमच्या दुधाले नावं ठेवले काय लोकायनं?"

हो म्हणायची मला इच्छा होती. खूप होती. मी म्हटलं, नाही काका, तसं काही नाही. ते म्हणाले, मालकाले मीच सांगतो. मी सांगू नका म्हटलं, आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. हे मामाजींना कळलं तर ते हसतील, दुकानात कोणाला तरी सांगतील, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात होईल की जानरावाचं माप चुकतं. त्या माणसाकडे शेत नाही, मुलगा नाही, फक्त माप आहे. आणि त्याने चार आठवडे जे खोटं लिहिलं ते खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं. मी मुलीला उघडी करून, ताट ठेवून, ताटाचं वजन शून्य करून पुन्हा मोजलं. तीन किलो सहाशे चाळीस. तिथे बघायला मी, जानराव आणि दाराशी बांधलेली तुमची शेळी होती.

डॉक्टरांना मी रविवारीच फोन करून सांगितलं की मोजण्यात चूक होती आणि सुधारली आहे. चूक कोणाची ते त्यांनी विचारलं नाही. सोमवारी त्यांच्या काट्यावर तीन किलो सहाशे सत्तर भरलं. ते म्हणाले उत्तम आहे, दाखल वगैरे काही नको, करताय तेच चालू ठेवा. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी गुरुवारचे तीन किलो आणि सोमवारचं हे, मधली वजाबाकी केली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेळी शुक्रवारी आली होती. तीन दिवसांत सहाशे सत्तर ग्रॅम. हे गणित शेळीच्या करडालाही लागू होणार नाही, पण आनंदात कोणी ते केलं नाही. घरी येईपर्यंत फोन गेले. आता शेळीच्या गळ्यात घुंगरू आहे, शेजारच्या त्या तिन्ही बाया तिला बघून गेल्या, आणि मामाजी दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला तिचा पांढरा कान दाखवतात. गोपाल तिला रोज शाळेतून येताना सुबाभळीची फांदी आणतो. त्याला खरं सांगितलं नाही, कारण वडिलांपासून काही लपवलं की त्याचे कान लाल होतात. मी त्या घोळक्यात उभी राहून हो हो म्हणते.

काल गुरुवार होता. आता मीच मुलीला नेते. बाजार भरत आला होता, बाहेर सोनाळ्याच्या दोन गाड्या लागल्या होत्या. जानरावांनी मुलीला उघडी करून ताटात ठेवलं, काटा बघितला, आणि मालाचं माप पुकारतात त्या आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं, पुकारलं, तीन किलो सातशे चाळीस, कडता नाई. गाडीवानांनी वळून बघितलं. मुलीने जानरावांकडे एकटक बघितलं. मी त्यांना मागे सरकायला सांगणार होते, पण ते सरकले नाहीत.

तेव्हा आत्या, सगळं नीट आहे. मुलगी रोज सरासरी सव्वीस-सत्तावीस ग्रॅमने वाढते आहे आणि पहिल्या दिवसापासून तशीच वाढत होती. अजूनही टाकते. झडप पिकायला काही महिने लागतील. सोबत सुधारित तक्ता जोडला आहे, जुने आकडे लाल शाईने खोडले आहेत. गुडघ्यावर भार देऊन देवपूजेला बसू नका. वहिनींना नमस्कार.

तुमची,
पुष्पांजली

ता. क. : सासूबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते. "शेळी लय गुनाची निंगाली, तिच्याच दुधानं पोरगी भरली, तुमचे उपकार आम्ही इसरनार नाई." तुम्ही हे नाकारू नये. शेळी परत मागू नये, मामाजी देणार नाहीत.

ता. क. २ : एक गोष्ट लिहिली नाही, तर हे पत्र चुकीचं ठरेल. सासूबाई सकाळ-संध्याकाळ शेळीचं दूध काढतात, उकळून माझ्या हातात देतात, वर वाटी-चमचा ठेवतात आणि पाजताना कोणाची नजर पडू नये म्हणून खोलीचं दार लावून घेतात. (तह त्यांनी मोडला, पण शेळीपुरताच.) मुलीला ते देणं शक्य नाही आणि फेकणं मला जमत नाही. म्हणून ते मी पिते. गेल्या शुक्रवारपासून रोज अर्धा लिटर. चव चांगली आहे. त्यामुळे कालच्या वजनात शेळीचा वाटा शून्य आहे असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. रविवारच्या तीन किलो सहाशे चाळीसमध्ये मात्र तो नगण्य धरावा. शेळी तेव्हा येऊन दोनच दिवस झाले होते.

ता. क. ३ : तुमचं उत्तर सासूबाई मोठ्याने वाचायला लावतील, म्हणून त्यात शेळीबद्दल जे लिहायचं ते सविस्तर लिहा. पण आत एक लहान चिठ्ठी वेगळी घडी घालून ठेवाल का, माझ्या नावाची. ‘आकडे वाचले’ एवढं लिहिलं तरी पुरे. तुम्ही पाच मुलं वाढवलीत आणि सहावी मी, तुमचं वाचणं मी पक्कं धरेन. त्याखाली जागा उरली तर ‘तुझंच दूध होतं’ असं लिहा. इथे हे कोणी म्हटलेलं नाही, आणि म्हणा असं मी कोणाला सांगू शकत नाही. दोन्ही लिहायला जागा पुरली नाही, तर ‘आकडे वाचले’ हे गाळा.